डिफरन्शिअल गळतंय? सील बदलण्याआधी ब्रीदर बघा

चौक (ता. खालापूर) : मे महिना सरत आला की आपल्याकडे सगळ्यांचीच धावपळ सुरू होते. राब भाजून झालेले असतात, घरावरची कौले चाळायची असतात, कर्जतहून भाताचे बियाणे आणायचे असते, खताच्या गोण्या पावसाआधी घरात येऊन पडायला हव्या असतात. या गडबडीत दारातल्या जुन्या जीपकडे बघायला वेळ कुणाला? ती सुरू होते, ओझे वाहते, म्हणजे ठीकच आहे असे आपण धरून चालतो. मग एखाद्या सकाळी जीप मागे घ्यावी, तर जिथे मागचा एक्सल होता तिथे मातीत रुपयाएवढा काळा डाग! दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी आणखी एक.

हा डाग बहुधा डिफरन्शिअलच्या तेलाचा असतो. असा डाग दिसला की आपल्यातले दोन तऱ्हेचे लोक दोन तऱ्हेने वागतात. एक म्हणतो, 'जुनी गाडी आहे, गळायचीच.' दुसरा थेट गॅरेज गाठतो आणि मागचा सगळा एक्सल खोलायला लावतो. दोघांचेही पैसे जातात. पहिल्याचे उशिरा जातात, पण जास्त जातात.

माझ्याच जीपची गोष्ट सांगतो. एका पावसाळ्यात मागच्या उजव्या चाकातून तेल यायला लागले. गॅरेजात नेऊन सील बदलले. महिनाभरात चाक पुन्हा ओले. पुन्हा सील बदलले, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने पाना हातात घेतलाच नाही. गाडीखाली आडवा होऊन त्याने हाऊसिंगच्या वरच्या अंगाला बोट फिरवले, वाळलेल्या चिखलाचे ढेकूळ खरवडून काढले आणि म्हणाला, "अहो, हिचं नाकच बुजलंय. श्वास कुठून घेणार?" मिस्त्री ज्याला नाक म्हणाला तो ब्रीदर. तो साफ केला, सील तिसऱ्यांदा बदलले आणि पुढची तीन वर्षे ते चाक कोरडे राहिले. आधीच्या दोन सिलांचे आणि मजुरीचे पैसे मात्र पाण्यात गेले.

ब्रीदर म्हणजे हाऊसिंगच्या डोक्यावर, नळीवर बसवलेली छोटी टोपी किंवा छिद्राचा स्क्रू. काही गाड्यांत त्याला रबरी नळी जोडून ती चॅसीपर्यंत वर नेलेली असते. गाडी चालली की आतले दाते घासून तेल आणि हवा तापते. हवा ३० अंशांवरून ८० अंशांपर्यंत तापली आणि तिला बाहेर जायला वाट मिळाली नाही, तर आतला दाब सुमारे एक षष्ठांशाने वाढतो. मग तो दाब सर्वांत दुबळी जागा शोधतो. ती जागा म्हणजे सिलाचा रबरी ओठ. तेल तिथून बाहेर येते आणि दोष सिलावर जातो. आपल्या खाचरांच्या बांधावरून, ओढ्यातून, तांबड्या चिखलातून फिरणाऱ्या गाडीचा ब्रीदर बुजणार नाही तर कुणाचा? म्हणून गळती कुठूनही असो, पहिला हात ब्रीदरला लावा. भोवतालची माती ब्रशने झाडा, टोपी बोटाने फिरते का बघा, काढता येत असेल तर काढून डिझेलमध्ये धुवा आणि फुंकून हवा आरपार जाते याची खात्री करा. याला दहा मिनिटे लागतात. ज्यांची गाडी पाण्यातून वरचेवर जाते त्यांनी ब्रीदरला तेलाला टिकणारी रबरी नळी लावून तिचे टोक चॅसीवर उंच बांधून घ्यावे.

आत काय असते?

डिफरन्शिअलचे काम समजायला खळे आठवा. मेढीभोवती बैल फिरतात तेव्हा मेढीजवळचा बैल जवळजवळ जागच्या जागी वळतो आणि कडेच्या बैलाला लांब पल्ला चालावा लागतो. वळणावर गाडीच्या दोन चाकांचे तसेच होते. बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचे असते. दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट बांधली, तर एक चाक फरफटत जाईल. ही अडचण १८२० च्या दशकात ओनेसिफोर पेकेर नावाच्या फ्रेंच कारागिराने वाफेच्या गाडीसाठी दात्यांची जुळणी करून सोडवली. आज तुमच्या जीपच्या मागच्या पोटात क्राऊन, पिनियन आणि छोटे दाते आहेत ती त्याच कल्पनेची वंशावळ. आपल्याकडची जीपही तशी जुनीच पाहुणी. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. तिच्या मागच्या हाऊसिंगच्या धर्तीचीच हाऊसिंगे पुढे बरीच वर्षे येत राहिली. म्हणून पुढची माहिती जुन्या जीपवाल्यांना जास्त उपयोगी पडेल. बाकी गाड्यांत जागा थोड्या बदलतात, युक्ती तीच.

क्राऊन आणि पिनियनचे दाते एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, घसटतही जातात. त्या दोघांमध्ये तेलाचा जाड थर नसेल तर लोखंडावर लोखंड येते. आधी गाडी हुंकारल्यासारखा आवाज करते, मग दाते उडतात. क्राऊन-पिनियनची जोडी नव्याने बसवायची म्हणजे खर्च तर आहेच, शिवाय दात्यांची बैठक जुळवणारा जाणता मिस्त्री शोधावा लागतो आणि तसे मिस्त्री आता फार उरलेले नाहीत.

किती गळती चालेल?

हाऊसिंग नुसते ओलसर, धूळ चिकटलेले असेल तर त्याला गळती म्हणू नका, पाझर म्हणा. नजर ठेवली की पुरे. पण थेंब पडायला लागले की हिशेब करा. साधारण २० थेंबांचा १ मिलिलिटर धरला आणि मिनिटाला एक थेंब पडत असेल, तर २४ तासांत १४४० थेंब, म्हणजे ७२ मिलिलिटर. जुन्या जीपच्या मागच्या हाऊसिंगमध्ये तेल असते सव्वा लिटरच्या आसपास. म्हणजे पंधरा-सतरा दिवसांत सगळा मामला आटोपला! अर्थात तेल गळतीच्या जागेपर्यंत उतरले की थेंब थांबतात. 'आपोआप बंद झाली हो' असे जो सांगतो त्याच्या गाडीतले तेल संपत आलेले असते.

ओळखण्याची सोपी रीत अशी. रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा टाका. सकाळी डाग नेमका कशाखाली आहे ते कळेल. डाग चाकाच्या आतल्या बाजूला असेल तर तो ब्रेक ऑईलचाही असू शकतो. एक थेंब पेल्यातल्या पाण्यात टाकून बघा. ब्रेक ऑईल पाण्यात मिसळून जाते, गिअर ऑईल वर तरंगते. शिवाय गिअर ऑईलला गंधकाचा उग्र, सडक्या अंड्यासारखा वास असतो. एकदा नाकात बसला की विसरत नाही. इंजिनाचे किंवा गिअरबॉक्सचे तेलही वाऱ्याने मागे उडून हाऊसिंगवर बसते आणि बिचाऱ्या डिफरन्शिअलवर आळ येतो. म्हणून हाऊसिंग डिझेलने स्वच्छ धुवा, फडक्याने कोरडे करा, त्यावर टाल्कम पावडर भुरभुरवा आणि आठ-दहा किलोमीटर फिरून या. चौकहून कर्जतच्या दिशेने जाऊन परत आलात तरी चालेल. पावडर जिथे सर्वांत वर ओली झाली ती जागा खरी. तेल खाली आणि मागे पसरते, त्यामुळे खालचा ओला भाग फसवतो.

झाकणाची गळती घरी काढता येते

तेल बाहेर यायच्या जागा चारच : मागचे झाकण, तेल भरायचे व सोडायचे प्लग, पुढे प्रोपेलर शाफ्ट जिथे जोडतो तिथले पिनियनचे सील आणि दोन्ही चाकांकडची सिले. यातले झाकण आणि प्लग ज्याला पाना धरता येतो त्याने घरी करावे. बाकीच्या दोन जागांसाठी मिस्त्री हवा.

काम सुरू करण्याआधी एक इशारा. बऱ्याच जुन्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांवर नसून मागच्या प्रोपेलर शाफ्टवर असतो. अशी गाडी जॅकवर घेऊन मागचे एक चाक उचलले, की डिफरन्शिअलच्याच गुणामुळे ते चाक मोकळे फिरते आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकते. त्यामुळे गाडी सपाट जागी घ्या, जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका. झाकणाच्या कामाला चाक उचलायची गरज बहुधा पडतही नाही. जीप पुरेशी उंच असते.

पहिल्यांदा तेल भरायचा वरचा प्लग सैल करून बघा, खालचा नंतर. हे उलट केलेले मी पाहिले आहे. जुने तेल सोडून दिले, मग वरचा प्लग गंजून बसलेला निघाला, आणि गाडी बिनतेलाची चार दिवस दारात उभी! प्लग हलत नसेल तर आदल्या रात्री गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा. बोटाचे टोक आत घालून बघा. गाडी सपाट उभी असताना तेल भोकाच्या खालच्या काठाशी लागले पाहिजे. काही वेळा गळतीचे कारण इथेच सापडते. कुणीतरी गाडी उतारावर उभी करून तेल भरलेले असते, ते जास्त होते आणि सिलावर चढते. अंगणच एका बाजूला उतरते असेल तर त्याच बाजूच्या चाकातून तेल यायचे, हेही ध्यानात ठेवा.

गाडी थोडी चालवून तेल कोमट झाले की खाली जुनी घमेली ठेवून सोडा. खालचा प्लग नसेल तर झाकणाचे खालचे बोल्ट आधी काढा, वरचे दोन नुसते सैल ठेवा आणि झाकण हळूच उचका. आतले तेल बघितल्याशिवाय फेकू नका. डॉक्टर जसा रक्त तपासतो तसे ते काहीतरी सांगत असते. काळे झाले असेल तर वय झाले. बोटांना राखाडी, लोण्यासारखा बारीक गाळ लागला तर तेही वयाचे. पण नखाएवढे तुकडे निघाले तर दाता किंवा बेअरिंग गेले, तिथेच थांबा आणि मिस्त्रीला बोलवा. दुधाच्या चहासारखा रंग दिसला तर आत पाणी शिरले आहे.

झाकणाचा आणि हाऊसिंगचा काठ जुन्या पॅकिंगपासून पूर्ण स्वच्छ करा. बोथट पत्रीने खरवडा, शेवटी पॉलिश पेपरचा हलका हात द्या. खरवडलेली घाण आत पडू नये म्हणून दात्यांवर स्वच्छ फडके टाका आणि शेवटी ते काढायला विसरू नका. आता झाकण सपाट फरशीवर पालथे ठेवा. पत्र्याच्या झाकणाला बोल्टांच्या भोकांजवळ खड्डे पडलेले असतात, कारण आजवर प्रत्येकाने गळती थांबवायला बोल्ट आणखी आवळलेला असतो! हे खड्डे लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून हलक्या हातोडीने सपाट करा. तसे केले नाही तर नवे पॅकिंगही टिकणार नाही.

पॅकिंग बाजारात तयार मिळते. मिळाले नाही तर पॅकिंग पेपर आणून झाकण ठेवून आखा आणि कापा. कागदी पॅकिंगऐवजी नुसता सिलिकॉनचा गॅस्केट गमही चालतो, मात्र तो तेलाला टिकणारा हवा. त्याची एकसारखी बारीक रेघ बोल्टांच्या भोकांच्या आतल्या अंगाने फिरवा. जास्त गम म्हणजे जास्त घट्ट असे नाही. उरलेला गम आत गळतो आणि तेलात फिरत राहतो. बोल्ट आधी सगळे हाताने लावा, मग समोरासमोरचे एकेक करत थोडे थोडे आवळा. लांब टॉमी घालू नका, नेहमीचा पाना आणि एका हाताचा जोर बस्स. गमच्या पाकिटावर वाळायचा वेळ लिहिलेला असतो, तो पाळा. चहा पिऊन लगेच तेल भरायचे नाही.

प्लगच्या आट्यांतून पाझर असेल तर आटे पुसून टेफ्लॉनची टेप दोन-तीन वेढे गुंडाळा. निमुळत्या आट्यांचा प्लग फार आवळला तर हाऊसिंगला चीर जाते.

कोणते तेल?

दुकानात '९० नंबर द्या' म्हटले की ९० नंबर मिळते, पण डब्यावर पुढे काय लिहिले आहे ते वाचा. अशा डिफरन्शिअलला जास्त दाब सोसणारे, म्हणजे 'ईपी' ९० किंवा 'जीएल-५' लागते. हेच तेल उरले म्हणून गिअरबॉक्समध्ये ओतायचा मोह होतो. जुन्या गिअरबॉक्समध्ये पितळेच्या रिंगा असतात आणि काही जीएल-५ तेले पितळेला मानवत नाहीत. तिथे जीएल-४ घाला. गाडीचे पुस्तक असेल तर त्यातले प्रमाण माना. गळती कमी व्हावी म्हणून १४० नंबरचे दाट तेल भरायची युक्ती जुनी आहे. गळती दोन महिने मंदावते, दाते घासल्याचा आवाजही दबतो आणि जुनी गाडी विकणाऱ्याला तेवढेच हवे असते. जुनी जीप घ्यायला गेलात आणि डिफरन्शिअल फारच शांत वाटले, तर प्लग उघडून बोट घालून बघा.

इथे थांबू नका

प्रोपेलर शाफ्टजवळ, पिनियनच्या तोंडाशी तेल असेल तर शाफ्ट हाताने धरून वर-खाली हलवून बघा. खेळ लागला तर बेअरिंग सैल आहे, नवे सील घालून उपयोग नाही. खेळ नसेल तर सील बदलून भागते. मिस्त्रीला दोनच गोष्टी सांगा : पिनियनचा नट सोडण्याआधी पंचाने खूण करून ठेवा, आणि सील जिथे बसते त्या फ्लँजला खाच पडली आहे का बघा. नट कमी-जास्त आवळला गेला तर बेअरिंगचा ताण बदलतो. खाच पडलेल्या फ्लँजवर कोरे सील आठवड्यात फाटते.

चाकाच्या सिलाची गळती मात्र किरकोळ म्हणून अंगावर काढू नका. तिथले तेल जमिनीवर पडण्याआधी ब्रेकच्या ड्रममध्ये जाते. चाकाच्या आतल्या बाजूला तेलाचे ओघळ दिसले, ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढली, तर समजा की लायनर तेल प्यायले. चौकच्या सपाट रस्त्यावर ते जाणवणारही नाही. खंडाळ्याहून खोपोलीकडे बोरघाट उतरताना, मागे भाजीच्या क्रेटी आणि चार माणसे असताना जाणवेल. तेल प्यायलेले लायनर पेट्रोलने धुऊन किंवा जाळून पुन्हा बसवायची पद्धत आहे. ती करू नका. तापल्यावर तेल पुन्हा बाहेर येते. लायनर बदला आणि दोन्ही चाकांचे बदला. जुन्या जीपचे मागचे हब निमुळत्या एक्सलवर घट्ट बसलेले असते. ते ओढायला पुलर लागतो. एक्सलच्या टोकावर घण घालणाऱ्याच्या हातात गाडी देऊ नका.

आपल्या भागात पावसाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता आणि मदतीला गेलेल्यांना डोंगर पायी चढावा लागला. जिथवर गाडी जाते तिथवर तरी ती भर पावसात भरवशाने जायला हवी. तापलेली जीप ओढ्याच्या गार पाण्यात घातली की हाऊसिंगमधली हवा आकसते आणि ज्या फटीतून तेल बाहेर येत होते तिथूनच पाणी आत ओढले जाते. घाई नसेल तर ओढ्याआधी दहा-पंधरा मिनिटे गाडी थांबवा. हब बुडेल इतक्या पाण्यातून गेलात तर त्याच आठवड्यात प्लग उघडून तेलाचा रंग बघा. दुधाळ असेल तर दिवाळीची वाट बघू नका, लगेच बदला.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी दोन शब्द. पुष्कळ ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स, डिफरन्शिअल आणि हायड्रॉलिक एकाच तेलावर चालतात आणि काहींचे ब्रेकही त्याच तेलात बुडालेले असतात. तिथे जीपचे ९० नंबर भरू नका. कंपनीने सांगितलेलेच तेल घाला. ब्रीदर त्यालाही असतो, आणि चिखलणी झाल्यावर तो बुजतोच.

ग्रामपंचायत आणि पंचायत समितीच्या मंडळींनी आपल्या आवारातल्या जुन्या जीपवर खर्च टाकण्याआधी तिचे नोंदणीपुस्तक बघावे. १५ वर्षांवरील सरकारी व स्थानिक संस्थांच्या वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून चालू ठेवता येत नाही, त्यामुळे तशा गाडीच्या सिलाचे बिल मंजूर करण्यात अर्थ नाही. खासगी गाडीला १५ वर्षांनंतर तपासणी करून नोंदणी पुढे वाढवून घेता येते. तपासणीला तेलाने माखलेले चाक घेऊन जाऊ नका.

काढलेले तेल ओढ्यात, विहिरीजवळ किंवा खाचराच्या कडेला ओतू नका. कायद्याने वापरलेले तेल धोकादायक कचऱ्यात मोडते, आणि आपल्याच शेतातले पाणी नासते ते वेगळेच. झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या. तो जमा करून पुढे देतो.

काम झाल्यावर शंभर-दीडशे किलोमीटर चालवून झाकणाचे बोल्ट एकदा हलक्या हाताने तपासा, तेलाची पातळी बोटाने बघा आणि तो पुठ्ठा पुन्हा आठवडाभर गाडीखाली टाकून ठेवा.